चौथ्या पाठीवरचं दव

१

सकाळी साडेसहाला कुंडलिक गुरुजी थर्मास घेऊन घराबाहेर पडत. थंडीचे दिवस होते. सणसरच्या त्यांच्या घरापासून खडकापर्यंत पायी वीस मिनिटं लागत. कालव्याच्या भरावावरून जायचं, मोरीपाशी खाली उतरायचं, उसाच्या दोन पट्ट्या ओलांडायच्या, की मोकळं रान लागे आणि रानाच्या कडेला, रस्त्याला लागून, तो खडक. पाथरवट रसूलभाई त्यांच्या आधी आलेले असत. लांबूनच टाकीचा, दगड कोरायच्या छिन्नीचा, आवाज यायचा. टण, टण, टण, मग थोडी उसंत. त्या उसंतीत रसूलभाई दगडाची भुकटी फुंकतात, हे गुरुजींना आता न बघताही कळायचं.

तीस वर्षं हायस्कूलला भूगोल शिकवलेल्या माणसाला निवृत्तीनंतरही सकाळी कुठंतरी वेळेवर पोचायचं असलं की बरं वाटतं. त्यातून घरात दुसरं कुणी उरलं नव्हतं.

खडक वीस-बावीस फूट लांब, दीड पुरुष उंच, काळाभोर. आजोबांच्या काळापासून नांगर त्याला वळसा घालूनच जायचा. पण दुपारची सावली त्याच्यासारखी दुसरीकडं नाही, म्हणून रानात काम असलं की घरची माणसं त्याच्याच पायथ्याशी जेवायला बसत. रस्त्याची धूळ ताटात येऊ नये म्हणून रस्त्याकडं पाठ करायची आणि खडकाकडं तोंड. शनिवारी सकाळची शाळा सुटली की कुंडलिक गुरुजी सायकलवरून यायचे आणि वळणावर त्यांना ती ओळ दिसायची. वडील सावळाराम, ताठ. आई म्हाळसा, डोक्यावर पदर. धाकटा भाऊ विजयसिंह, एका अंगावर कलंडलेला. आणि सगळ्यांना वाढून शेवटी टेकलेली बायको, प्रयाग, पदर खांद्यावर घसरलेला, मानेवर अंबाडा. कुणी अवचित आलं की हीच उठायची, अर्धं ताट झाकून ठेवून, आलेल्याला आपली जागा द्यायची. तिच्यापलीकडं एक जागा मोकळी असे. ती गुरुजींची.

आता त्यातलं कुणी नव्हतं. आईवडील वयानं गेले. विजयसिंह मोटरसायकलवर गेला. प्रयाग गेल्या पौषात गेली, चार दिवसांच्या तापात. दवाखान्यात नेताना जीपमध्ये बसता बसता तिनं मागं वळून एवढंच सांगितलं होतं, की दुधावर झाकण ठेवा.

वर्षश्राद्धाच्या आत ती ओळ खडकात कोरून घ्यायची, असं गुरुजींनी ठरवलं. गावानं सुचवायचं ते सुचवलं. कुणी म्हणालं, स्मशानभूमीत शेड बांधा, नाव राहील. कुणी म्हणालं, फायबरचा पुतळा आठ दिवसांत मिळतो, वडिलांच्या मिशीसकट. गुरुजी सगळ्यांना "बघू" म्हणाले आणि बावड्याला जाऊन रसूलभाईंना घेऊन आले.

२

रसूलभाईंचं वय साठीच्या पुढं. पाटे-वरवंटे, उंबरे, कबरींवरचे दगड, सगळं त्यांच्या हातून गेलेलं. ते पहिल्या दिवशी खडकाभोवती फिरले आणि हातोडीनं जागोजाग ठोकून कान लावत राहिले, डॉक्टर छाती तपासतो तसे.

"दगड चांगला हाय," ते म्हणाले. "खणखणीत बोलतोय. पर गुरुजी, एक आधीच सांगतो. चेहरा मी काढत न्हाय. बापानं कधी काढला न्हाय, मी बी न्हाय."

"मला चेहरे नकोच आहेत."

"मग काय काढायचं?"

"पाठी. जेवायला बसलेल्या. तोंडं दगडाकडं."

रसूलभाईंनी हातोडी खाली ठेवली. "चाळीस वर्षांत असलं गिऱ्हाईक पहिल्यांदा बघितलं," ते म्हणाले, आणि लगेच खडकापासून दहा पावलं मागं जाऊन डोळे बारीक करून उभे राहिले. काम त्यांनी तिथंच घेतलं, हे गुरुजींना समजलं.

मापं कपड्यांवरून घेतली. वडिलांचा कोट, आईची चोळी, विजयसिंहाचा लग्नातला सदरा पेटीत होता. दोरीला गाठी मारून रसूलभाईंनी खांदे, कंबर, मान मोजली आणि खडकावर गेरूनं आकार काढले.

"पाचवी जागा कोरीच ठेवा," गुरुजी म्हणाले. "ती माझी. मागचे बघतील."

"आत्ताच माप घिऊन ठेवू की. दोरी हाय हातात."

"नको. इतक्यात नको."

"व्हय, तुमचं माप तसं बी अवघड हाय. एक खांदा वर, एक खाली."

गुरुजी हसले. प्रयाग हेच म्हणायची. फळ्यावर लिहून लिहून तुमचा उजवा खांदा वरच राहिलाय, शिंप्याला सांगत जा.

अडलं ते प्रयागपाशी. तिचे कपडे गुरुजींनी दहाव्याच्या आतच वाटून टाकले होते. दांडीवर तिची साडी बघवत नव्हती, म्हणून. आणि कॅमेरा दिसला की पदर ओढून पाठ फिरवायची तिची सवय, त्यामुळं धड फोटोही नव्हता.

रविवारी बारामतीहून त्यांची मुलगी राजेश्वरी आली. तिथं ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती. आईची एक साडी तिनं आपल्याकडं ठेवून घेतली होती, हे गुरुजींना माहीत नव्हतं. हिरवी, बारीक काठाची.

"मी बसते ना, आबा," ती म्हणाली. "सगळे म्हणतातच की मी पाठीमागून आईसारखी दिसते."

ती साडी नेसून, केसांचा अंबाडा घालून, खडकाकडं तोंड करून मांडी घालून बसली. रसूलभाईंनी तिच्या खांद्यांवरून दोरी धरली, गाठी मारल्या आणि तिच्याभोवती खडकावर गेरूची रेघ ओढली. गुरुजी रस्त्याच्या वळणावर जाऊन उभे राहिले.

"जरा डावीकडं वाक," ते म्हणाले. "अजून थोडं. बास."

"झालं का, आबा? पायाला मुंग्या आल्या," असं राजेश्वरीनं विचारलं, तरी ते तिकडं बघतच राहिले.

३

अडचणी आल्या, पण त्या कामात येतात तशाच आल्या. वरचा थर इतका चिवट निघाला, की वडिलांच्या पाठीला आठ दिवसांत बारा टाक्या बोथट झाल्या. रसूलभाई संध्याकाळी भट्टी पेटवून त्यांची टोकं पुन्हा शेवटून धारदार करायचे आणि म्हणायचे, "सावळारामतात्या जित्तेपणी बी असंच होते का?"

"असेच होते."

आईच्या डोक्यावरच्या पदराची घडी दोनदा उडाली. मग कालव्याला पाणी सुटलं, पाझर फुटला, खडकाच्या बुडाशी घोटाभर चिखल झाला आणि आठ दिवस काम बंद राहिलं. विजयसिंहाच्या पाठीत तर मधोमध भेगच निघाली. रसूलभाईंनी तिच्यात पाणी सोडून ती किती खोल जाते ते बघितलं आणि भेग टाळायची म्हणून आकार एका बाजूला कलता घेतला. तयार झाल्यावर गुरुजी वळणावर जाऊन बघून आले.

"कसा वाटतोय?"

"तो असाच कलंडून बसायचा. मी तुम्हाला सांगायला विसरलो होतो."

"मग दगडानंच सांगितलं म्हनायचं," रसूलभाई म्हणाले आणि चहात खारी बुडवली.

तीन पाठी खडकातून हातभर पुढं आल्या होत्या. कोवळ्या उन्हात, लांबून, ताटं वाढलेली असावीत असंच वाटायचं.

४

चौथ्या पाठीला अडचण आली नाही.

पहिल्या दिवशी गुरुजी मोरीपाशी आले आणि त्यांना वाटलं, रसूलभाई आज आलेच नाहीत. टाकीचा आवाज नव्हता. जवळ गेल्यावर दिसलं की काम चालू आहे. हातोडी टाकीवर पडत होती, पण आवाज बसका येत होता, दगडावर घोंगडी घालून वर ठोकावं तसा.

"हितं दगड बोलत न्हाय," रसूलभाई म्हणाले. "पहिल्या दिवशी बोलला होता. मी सोता ऐकलेलं."

"आत पोकळ असेल."

"पोकळ असंल तर घुमतंय. हे घुमत बी न्हाय."

टाकी मात्र गुळाच्या ढेपेत जावी तशी जात होती. चार दिवसांत खांदे निघाले, पाचव्या दिवशी कण्याची पन्हळ, सहाव्या दिवशी अंबाडा. एकदाही टोक बोथट झालं नाही. रसूलभाई खूश व्हायला हवे होते. ते दर थोड्या वेळानं थांबत आणि हाताकडं बघत.

सातव्या दिवशी गुरुजी जरा लवकर पोचले. धुकं विरळ होत होतं. रात्रभर दव पडलं होतं आणि खडक वरून खालपर्यंत ओला होता. वडिलांच्या पाठीवर, आईच्या पदरावर, विजयसिंहाच्या कलत्या खांद्यावर पाण्याचे बारीक मणी होते. चौथी पाठ कोरडी होती. अगदी गेरूच्या रेघेपर्यंत. रेघेच्या बाहेर ओलं, आत कोरडं.

गुरुजींनी हात लावला आणि काढून घेतला. मग पुन्हा लावला. ती गरम नव्हती. कोमट होती. झोपेतून उठलेल्या माणसाची असते तेवढी.

दव पडतं ते जास्त थंड झालेल्या पृष्ठभागावर, हे त्यांनी तीस वर्षं फळ्यावर लिहिलं होतं. म्हणजे हा भाग कमी थंड होतो, एवढंच. ताजा कोरलेला आहे, आत वेगळा दगड असेल. त्यांनी स्वतःला हे शिकवल्यासारखं सांगितलं आणि ते त्यांना पटलं. तरी हात तिथंच राहिला. वर्षभरात त्यांनी कुणाच्या पाठीवर हात ठेवला नव्हता.

५

खात्री करून घ्यायची म्हणून त्यांनी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चारी खांद्यांवर वर्तमानपत्राची पानं ठेवली आणि वर खडे ठेवले. सकाळी तीन पानांचा लगदा झाला होता. चौथं कुरकुरीत होतं, वाचता आलं असतं. तीन रात्री त्यांनी हेच केलं, तीनही वेळा तेच झालं.

त्यांना भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. उलट ते आता सहाच्या आधी निघू लागले. रसूलभाई यायच्या आत अर्धा तास मिळायचा. त्या वेळात ते चौथ्या पाठीशेजारी, आपल्या कोऱ्या जागेपाशी बसून चहा प्यायचे आणि हळू आवाजात घरचं काहीबाही सांगायचे. तुळस वाळली होती, परत लावलीय. गवळी पाणी घालतो. तू म्हणायचीस ते खरं होतं.

त्याच आठवड्यात राजेश्वरीचा फोन आला.

"आबा, तुमच्याकडं थंडी फार आहे का?"

"आहे की. माघापर्यंत राहील."

"मला इकडं काही सुचत नाहीये थंडीनं. तीसुद्धा फक्त पाठीत. सौरभ हसतो, म्हणतो सासऱ्यांच्या दगडापाशी बसून आलीस तेव्हापासूनचं आहे." ती स्वतःही हसली. "माझं रक्त मीच काढून मीच तपासलं. सगळं नॉर्मल. लॅबवाल्यांनी चिडवलं, म्हणाले पेशंट नसला की ही स्वतःलाच टोचून घेते."

"स्वेटर घालतेस ना?"

"दोन घालते, आबा."

गुरुजींनी फोन ठेवला. मग उठून त्यांनी दुधावर झाकण ठेवलं. थंडी सगळीकडंच होती. बारामतीत काय आणि सणसरला काय. तरी त्या रात्री त्यांना मधूनमधून गेरूची ती रेघ आठवत राहिली, ओल्या-कोरड्याच्या बरोबर मधली.

६

शुक्रवारी रसूलभाईंची बायको करिमा जेवण घेऊन आली. मुलाच्या टेम्पोतून उतरली, डबे मांडले, आणि पदर सावरत काम बघायला म्हणून ओळीपुढून चालत गेली. चौथ्या पाठीपाशी ती थांबली.

"ही बाई लई तरणी दिसती," ती म्हणाली. "गुरुजींची मंडळी साठीला आलती ना?"

"माप लेकीचं हाय," रसूलभाई म्हणाले. "लेकीला बसवून घेतलं."

करिमानं नवऱ्याकडं बघितलं, मग गुरुजींकडं.

"गेलेल्यांच्या पंगतीत जितं माणूस बसवलं?"

रस्त्यावरून उसाची ट्रॉली गेली, तिची धूळ येऊन खाली बसली.

"जेवून घ्या," करिमा म्हणाली. "गार होतंय."

गुरुजींनी भाकरी मोडली आणि तशीच ठेवली. आपलं माप नको म्हणालो होतो, इतक्यात नको म्हणालो होतो, एवढंच त्यांच्या मनात पुन्हा पुन्हा येत होतं. स्वतःच्या वेळी सुचलं ते लेकीच्या वेळी सुचलं नव्हतं. त्या वेळी समोर फक्त प्रयागची पाठ दिसत होती.

तीनच्या एसटीनं ते बारामतीला गेले. राजेश्वरी रजेवर होती. ती गच्चीत, उन्हाकडं पाठ करून, दोन स्वेटर आणि शाल घेऊन बसली होती. ऊन चांगलं कडक होतं. तोंड उतरलेलं, ओठांना रंग नव्हता. वडिलांना बघून ती उठायला लागली, तर त्यांनी खांदा धरून खाली बसवलं.

"अशी अचानक स्वारी?" ती म्हणाली.

"आलो. सहज."

"सहज तुम्ही शेजारच्या घरीसुद्धा जात नाही." मग जरा वेळानं ती हळूच म्हणाली, "आबा, एक सांगू? सौरभला सांगितलं नाही. सकाळी उठते तेव्हा पाठ ओली असते. सगळी नाही. इथून इथपर्यंत."

"घाम असेल. दोन दोन स्वेटर घालून झोपल्यावर..."

"घाम कोमट असतो, आबा. मी लॅबमध्ये काम करते, मला कळतं. हे गार असतं. आणि थेंब असतात. बारीक बारीक, वेगळे वेगळे."

गुरुजींनी शालीखालून तिच्या पाठीवर हात ठेवला. पहाटे वडिलांच्या दगडी पाठीवर हात ठेवला की लागायचा तसा गारवा हाताला लागला. कालपर्यंत आपण कुणाच्या उबेला टेकून चहा पीत होतो, हे त्यांना आता कुणी सांगायला नको होतं.

"बरं वाटतंय, हात राहू दे," राजेश्वरी डोळे मिटून म्हणाली. सूर्य खाली जाईपर्यंत त्यांनी हात हलवला नाही.

७

शनिवारी पहाटे ते खडकापाशी आले तेव्हा रसूलभाई काम न करता बसलेले होते. हत्यारं पोत्यात बांधलेली. करिमानं त्यांना रात्री काय सांगितलं असेल, ते गुरुजींनी विचारलं नाही.

"चौथी पाठ काढून टाका," गुरुजी म्हणाले.

"मी न्हाय काढनार. माझ्या हातनं झाली, माझ्या हातनं मोडायची न्हाय." रसूलभाईंनी पोतं सोडलं आणि मोठा हातोडा काढून गुरुजींपुढं ठेवला. "चूक दोगांची हाय. मला कळायला पायजे होतं. पर मोडायची तुमी."

हातोडा जड होता. गुरुजी चौथ्या पाठीमागं उभे राहिले. धुक्यात तिन्ही पाठी ओल्या चमकत होत्या आणि ही कोरडी होती. इतकी ओळखीची, की वळणावरून नुसती सायकलची घंटा वाजवली असती तरी हिनं मान वळवली असती. वर्षभर ते जे शोधत होते ते समोर होतं आणि ते उबदार होतं. त्यांनी हातोडा उचलला आणि पुन्हा खाली टेकवला.

"प्रयाग," ते म्हणाले. रसूलभाईंनी तोंड दुसरीकडं फिरवलं. "तुझं माप माझ्याकडं नव्हतं. मी पोरीला बसवलं. ही जागा तिची नाही. ऊठ तेवढी. पोरगी गारठलीय."

टाकीचा आवाज नव्हता, पाखरांचा नव्हता. धुकं खडकावरून सरकलं, एवढंच त्यांना पुढं खात्रीनं सांगता आलं असतं. अंबाड्याच्या डाव्या बाजूला कानाची एक कड रसूलभाईंनी कोरली होती. आता तिथं आख्खा कान होता. त्यात कुडी होती. आणि कुडीच्या पुढं, दगड जिथं सपाट असायला हवा होता, तिथं गालाचा उंचवटा सुरू होत होता. हाक मारल्यावर कोण आलंय ते बघायला बाई जेवढी वळते, तेवढाच.

अजून थोडं थांबलं असतं तर डोळा दिसला असता.

गुरुजींनी डोळे मिटले आणि हातोडा मारला. बसका आवाज आला. दुसऱ्यांदाही तसाच. तिसऱ्या घावाला खडक खणखणीत वाजला, पहिल्या दिवसासारखा, आणि पाठ एका तुकड्यात सुटून त्यांच्या पायापाशी मऊ मातीत पडली.

डोळे उघडायच्या आत त्यांना रसूलभाईंची धावती पावलं ऐकू आली. बघितलं तर त्यांनी खांद्यावरचा पंचा काढून खडकात पडलेल्या खोबणीवर दोन्ही हातांनी दाबून धरला होता.

"बघू नका, गुरुजी."

"काय आहे आत?"

"काय न्हाय."

पंचा मधोमध किंचित पुढं आला होता. नाक असावं तेवढाच.

"रसूलभाई."

"मी चेहरा काढत न्हाय," रसूलभाई म्हणाले. "तुमाला ठाव हाय. मी काढलेला न्हाय."

गुरुजी दोन पावलं पुढं गेले. हात पुढं केला असता तर पंच्याचं टोक हातात आलं असतं. ज्या बाईनं आयुष्यभर कॅमेऱ्याकडं पाठ फिरवली, तिचा चेहरा वर्षभरात त्यांच्या मनातून हळूहळू पुसट होत चालला होता आणि हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. एकदा बघितला तर तो कायमचा झाकणं आपल्याच्यानं व्हायचं नाही, हेही त्यांना तेवढंच ठाऊक होतं. आणि झाकायला तर हवंच होतं.

त्यांनी पाठ फिरवली. रस्त्याकडं तोंड करून उभे राहिले.

"बुजवून टाका," ते म्हणाले. "आत्ताच."

सिमेंट कालवल्याचा, दगड बसवल्याचा आवाज दुपारपर्यंत त्यांच्या मागं येत राहिला. पंचा रसूलभाईंनी परत काढला नाही. तो आतच राहिला.

८

रविवारी सकाळी फोन वाजला तेव्हा गुरुजी थर्मास भरत होते.

"आबा, आज मी पंखा लावून झोपले होते," राजेश्वरी म्हणाली. "सौरभ कुडकुडला. म्हणतो, हे काय नवीन. आणि पाठ कोरडी ठणठणीत. मी दोनदा हात लावून बघितला."

"चहा घेतलास?"

"दोन कप. भूक पण लागलीय. आबा, रडताय का तुम्ही?"

"धूर झालाय चुलीचा."

"तुमच्याकडं गॅस आहे, आबा."

ते हसले, ती हसली. मग ते नेहमीच्या वाटेनं निघाले. आज घाई नव्हती. भरावावर दव इतकं होतं की चपला भिजल्या.

खडक वरून खालपर्यंत ओला होता. वडील, आई, विजयसिंह. चौथ्या जागी सिमेंटचा खडबडीत गिलावा, आणि त्याच्यावरही दवाचे मणी होते, इतरांसारखेच. गुरुजींनी तिथं हात ठेवला. गार. त्यांनी हात बराच वेळ ठेवून बघितला. गारच.

त्यांनी आपल्या जागेपाशी बसायचं म्हणून फडकं अंथरलं आणि थांबले.

पाचव्या जागी, टाकी न लागलेल्या कोऱ्या खडकावर, एक भाग कोरडा होता. बसलेल्या माणसाच्या पाठीएवढा. दोरी लागली नव्हती, गेरू नव्हता, तरी कड स्वच्छ होती. मान, कंबर, दोन खांदे. डावा खांदा जिथं असायला हवा तिथं होता. उजवा त्याच्याहून चार बोटं वर होता.

माणसाला स्वतःची पाठ कधी दिसत नाही. हे माप कुणी घेतलं असेल, ते त्यांना कुणाला विचारावं लागलं नाही.

गुरुजींनी रस्त्याकडं बघितलं. रसूलभाईंची सायकल अजून वळणावर नव्हती. त्यांनी दोन्ही कप काढले, दोन्हीत चहा ओतला, एक शेजारी ठेवला आणि खडकाला टेकून बसले. पाठ त्या कोरड्या जागेत बरोबर बसली. दगड कोमट होता.

रसूलभाई आले, सायकल लावली, आणि ओळीकडं बघत उभे राहिले. त्यांना काय दिसलं, काय नाही, ते त्यांनी सांगितलं नाही.

"चौथी पाठ नव्यानं काढायची का?" थोड्या वेळानं त्यांनी विचारलं. "आठवनीवर काढू. मापाबिगर."

"नको. आता कुणाचीच नको. झालं काम."

"आन तुमची जागा?"

"ती अशीच राहू दे."

रसूलभाईंनी मान हलवली. शेजारचा कप आपल्यासाठी आहे असं समजून त्यांनी हात पुढं केला, मग गुरुजींच्या तोंडाकडं बघून मागं घेतला, आणि थर्मासच्या झाकणात चहा ओतून घेतला.

ऊन वर आलं तसे गुरुजी उठले. सदरा पाठीला चिकटला होता. त्यांनी हात मागं नेऊन चाचपलं. बारीक बारीक, वेगळे वेगळे थेंब हाताला लागले.

खिशात फोन वाजला. राजेश्वरीच होती.

"आबा, सांगायचं राहिलं. रानात जाताना स्वेटर घालत जा हं. तुमचं काही खरं नसतं."

"घालीन की," गुरुजी म्हणाले, आणि बाजूला काढून ठेवलेली शाल खांद्यावर नीट ओढून घेतली.